डायनासोर कितव्या दिवशी?

"देवाने डायनासोर कितव्या दिवशी केले?" संडे स्कूलमधल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गातल्या, सात वर्षांच्या मुलाने विचारलं आणि शिकवणारी मुलगी फळ्यासमोर गप्प उभी राहिली. दोन आठवड्यांनी ती माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती, वडील चर्चच्या मंडळीत संदेश देणारे. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रात्री झोप नाही, प्रार्थनेला बसलं की शब्द सुचत नाहीत. "परीक्षेत उत्क्रांती लिहिते, रविवारी मुलांना देवाने सहा दिवसांत सृष्टी केली असं शिकवते. मॅडम, मी दोन्हीकडे खोटं बोलतेय."

विज्ञान पटलं म्हणजे विश्वास गेला, ही भीती घेऊन येणारे तरुण मी बरेच पाहिले आहेत. पहिल्या भेटीत मी तिच्या भीतीवरच काम केलं. श्वासाचे व्यायाम दिले, झोपेचं वेळापत्रक आखून दिलं. तिने ते सगळं मनापासून केलं आणि दुसऱ्या भेटीत म्हणाली, "थोडी शांत झाले. पण पृथ्वीचं वय तेवढंच राहिलं." तिचं बरोबर होतं. तिची चिंता खरी होती, तसा प्रश्नही खरा होता. प्रश्न बाजूला ठेवून नुसती चिंता हाताळणं म्हणजे समोरच्याला लहान समजणं.

मी स्वतः ख्रिस्ती आहे, हे तिला सांगितलं. मग आम्ही पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. कागदावर दोन रकाने आखायला लावले, एकात 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय, दुसऱ्यात दुसरा. काय आधी घडलं, काय नंतर, एवढंच लिहायचं. पहिल्या अध्यायात झाडंझुडपं तिसऱ्या दिवशी, सूर्य चौथ्या दिवशी, पशू आणि मग माणूस सहाव्या दिवशी. दुसऱ्या अध्यायात आधी माणूस, मग बाग, मग पशुपक्षी आणि शेवटी स्त्री. लहानपणापासून पाठ असलेले अध्याय, पण तिने ते असे शेजारी-शेजारी कधी ठेवले नव्हते. तिचा चेहरा पडला. "म्हणजे बायबल चुकलं?"

मी विचारलं, "ज्यांनी हे दोन अध्याय एकामागोमाग ठेवले, त्यांना हा फरक दिसला नसेल?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने मनातलं खरं सांगितलं: सहा दिवस शब्दशः घ्यायचे नाहीत, ही डार्विननंतर शोधलेली पळवाट आहे, असं तिला वाटत होतं. विज्ञानाने कोपऱ्यात गाठलं म्हणून चर्चने अर्थ बदलला. माझ्या मते सगळी गाठ इथेच होती. प्रामाणिक मुलगी, पळवाट तिला नकोच होती.

पण इतिहास तसा नाही. सूर्यच नसताना पहिल्या तीन दिवसांच्या संध्याकाळी आणि सकाळी कशा झाल्या, असा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारला होता आणि हे वर्णन शब्दशः घ्यायचं नाही, असं लिहून ठेवलं होतं. पुढे बिशप ऑगस्टीनने उत्पत्तीवरच्या मोठ्या भाष्यात हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नाहीत, असं मांडलं. आकाश-पृथ्वीबद्दल ज्यांना नीट माहिती आहे, अशा लोकांसमोर ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राच्या नावाखाली काहीतरी चुकीचं बोलू नये, असंही त्याने कळकळीने बजावलं. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ १८५९ चा, म्हणजे ऑगस्टीन त्याच्या चौदाशे वर्षं आधीचा. ऑगस्टीनला उत्क्रांती माहीत नव्हती, पृथ्वी फार जुनी आहे असंही तो मानत नव्हता, हेही मी तिला सांगितलं. त्याला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभं करायचं नव्हतं. शब्दशः न वाचणं ही पराभवानंतरची तडजोड नव्हती, एवढंच तिला दिसायला हवं होतं.

पृथ्वी सहा हजार वर्षांची, हा आकडाही पवित्र शास्त्रात कुठे लिहिलेला नाही. तो त्यातल्या वंशावळींवरून काढलेला हिशोब आहे. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये मांडलेला इ.स.पू. ४००४ हा त्यातला सर्वात प्रसिद्ध. आज पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानलं जातं, ते खडकांमधल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तिने गॅलिलिओचं नाव काढलं. काढायलाच हवं होतं. १६३३ मध्ये चर्चने त्यांना पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपलं मत जाहीरपणे नाकारायला लावलं आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत ते नजरकैदेत राहिले. ती चूक झाल्याचं पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये मान्य केलं. यावर सारवासारव करू नये. विश्वासाच्या नावाने भीती घातली गेली आहे, आणि आजही घरात, मंडळीत ती घातली जाते.

मात्र उलट बाजूचा मोहही मला तितकाच घातक वाटतो. तिचे वडील तिला 'विज्ञानाने बायबल सिद्ध केलं' अशा चित्रफिती पाठवत. म्हणून मी तिला जॉर्ज लमेत्र यांच्याबद्दल सांगितलं. बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं. महास्फोटाच्या (बिग बँग) सिद्धान्ताचं मूळ त्यांच्याच कामात आहे. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या नव्या विज्ञानात निर्मितीच्या श्रद्धेला दुजोरा दिसतो, असा सूर लावला. सर्वात जास्त आनंद लमेत्र यांना व्हायला हवा होता, पण ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नापासून वेगळा राहावा, अशी त्यांची भूमिका होती. आजच्या सिद्धान्तावर टेकवलेला विश्वास उद्या तो सिद्धान्त बदलला की कोसळतो. तिने वहीत फक्त 'लमेत्र' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

चौथ्या भेटीला वडील आले. मला वाद होईल असं वाटलं होतं. त्यांनी उत्क्रांतीचं नावही घेतलं नाही. "बाळ, तू प्रार्थना सोडलीस का?"

"सोडली नाही, पप्पा. येतच नाहीये."

वडिलांनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या त्या बापाची आठवण काढली. आजारी मुलाला येशूकडे आणणारा, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, असं रडत म्हणणारा. "त्याला प्रभूने परत पाठवलं नाही," ते म्हणाले. इतके दिवस तिला भीती होती ती पप्पा दुरावण्याची, आणि पप्पांना ती दुरावण्याची. सहा दिवसांबाबत त्यांचं मत तेव्हाही बदललं नाही, आजही नाही. ते बदलावं म्हणून मी प्रयत्नही केला नाही.

ती पुन्हा रविवारी शिकवते. त्या मुलाला तिने सांगितलं, डायनासोरबद्दल बायबलमध्ये लिहिलेलं नाही, ते आपण दगडांमधून शोधून काढलं. ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले, आणि त्यांनाही देवानेच केलं. मुलगा लगेच म्हणाला, "मग त्यांना मरू का दिलं?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. कोट्यवधी वर्षांचं मरण आणि जिवांची वेदना, हा प्रश्न मला सहा दिवसांच्या प्रश्नापेक्षा फार अवघड वाटतो. आता तिला प्रार्थना येते, पण बहुतेक वेळा ती देवाशी भांडण असते, असं ती म्हणाली. मी तिला बायबलमधलं तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. त्याची सुरुवातच 'कोठवर?' या प्रश्नाने होते.