इंडी गेमची (छोट्या, स्वतंत्र टीमनी बनवलेल्या गेमची) एवढी गर्दी असताना लोक मोबाईलवरचे साधे गेमच का खेळतात?

कारण दोघांचा खेळाडू वेगळा आहे. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात 2017 पासून 100 डॉलर भरले की कुणालाही आपला गेम विक्रीला ठेवता येतो. 2024 या एका वर्षात तिथे 18 हजारांहून जास्त गेम आले. त्यात चांगले गेमही कुणाच्या नजरेस न पडता विरून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोबाईलवाला गेम शोधत नसतो. त्याला लोकलमधली दहा मिनिटं घालवायची असतात. एका हाताने खेळता यावं, स्टेशन आलं की बंद. नवी मुंबईत बनलेला लुडो किंग 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात पोचला, कारण लुडोचे नियम आजीलाही आधीपासून ठाऊक होते.

पण साधा गेम बनवणं सोपं नसतं. ‘थ्रीज’ हा आकडे जुळवायचा मोबाईल गेम घडवायला वर्षाहून जास्त काळ गेला. तो फेब्रुवारी 2014 मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात त्याच धाटणीचा, एका वीकेंडला बनलेला फुकट ‘2048’ सगळीकडे पसरला. नकलेची ही भीती मोबाईलवर कायम असते.

तुम्ही स्वतः गेम बनवत असाल तर आधी घरच्यांच्या हातात फोन द्या आणि काही न सांगता त्यांना खेळ कळतो का, ते बघा.