फोन ठणठणीत, मग अपडेट का बंद?

प्रश्न : भाऊ, रावेरकडे आमची चार एकर केळी. गेल्या दिवाळीत सेलमध्ये फोन घेतला. बॅटरी चांगली, काच शाबूत, पण चार महिन्यांपासून सिक्युरिटी अपडेट येत नाही. कस्टमर केअरवाला म्हणतो, मुदत संपली. वर्ष झालं नाही तर संपली कशी? व्यापाऱ्याचे पैसे याच फोनवर येतात.

उत्तर : दादा, केळीचे दिवस तुम्ही घड कापल्यापासून मोजता, की गिऱ्हाइकानं डझन उचलल्यापासून? फोनच्या अपडेटची मुदत बहुधा मॉडेल बाजारात आलं तेव्हापासूनच मोजतात. सेलमधला स्वस्त माल पुष्कळदा दोन-तीन वर्षांपूर्वी कापलेला घड असतो. मी जळगावात काउंटरवर बसून लोकांचे फोन उघडतो, तरी बायकोला असाच एक घेऊन दिला. अकराव्या महिन्यात त्याचे अपडेट थांबले. ती अजून ऐकवते.

गूगल पिक्सेल ८ आणि सॅमसंग एस२४ यांना बाजारात आल्यापासून ७ वर्षं अपडेट कबूल आहेत, पण ते महाग. युरोपात २० जून २०२५ पासूनचा नियम मला पटतो : मॉडेलची विक्री थांबल्यावर पुढे किमान ५ वर्षं अपडेट. म्हणजे शेवटी घेणाराही नागवला जात नाही.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात अँड्रॉइड व्हर्जन उघडा. सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसेल. त्यानंतर सापडलेली, चोरट्याला आत शिरू देणारी भोकं तुमच्या फोनमध्ये उघडीच आहेत. फोन उद्या बंद पडणार नाही. क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप प्ले स्टोअरवरून सध्या नवे होत राहतील, पण आतली सिस्टीम जुनीच राहील. चिप बनवणाऱ्यानं हात काढला की फोन कंपनीलाही पुढचं काम जड जातं.

म्हणून बँकेचं काम अपडेट चालू असलेल्या दुसऱ्या फोनवर न्या. यूपीआय बँकेत नोंदवलेल्या सिमला बांधलेलं असतं, तेव्हा ते सिमही तिकडेच घाला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’च्या नावानं आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून अ‍ॅप बसवणारी फाइल, उघडू नका, तिथं नवाकोरा फोनही वाचवत नाही.

नवा घेताना दुकानदाराला एकच विचारा : मॉडेल कधीचं, अपडेट कोणत्या सालापर्यंत? तो रॅम सांगायला लागला तर कंपनीच्या साइटवर स्वतः बघा. जुना विकू नका, फारसे पैसे कोणी देत नाही. आमचा स्वयंपाकघरात गाणी वाजवतो. बँकेचं अ‍ॅप मात्र मी स्वतः काढलं, बायकोसमोर.