पंधरा वर्षांच्या मुलीला फ्लुओक्सेटीन सुरू झाले आहे; गोळी बंद करावी का?

ताई, इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या गावात राहता. मुलगी दहावीला आहे. गेले दोन-अडीच महिने तिचे जेवण तुटले आहे, मैत्रिणींशी बोलणे थांबले आहे, आणि एकदा ती "मी नसलेलीच बरी" असे बोलून गेली. बेळगावच्या मनोविकारतज्ज्ञांनी तिला नैराश्य असल्याचे सांगून फ्लुओक्सेटीनची १० मिलिग्रॅमची गोळी सकाळी घ्यायला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायला सांगितले. गोळी सुरू होऊन आठवडा झाला. आता तुमच्या दिरांनी मोबाइलवर वाचले आहे की या गोळ्यांनी मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार येतात आणि अमेरिकेत त्यांच्यावर काळ्या चौकटीतला इशारा छापतात. या गोळीने मेंदू कायमचा बिघडतो, अशीही दिरांना भीती आहे. गोळी आजच बंद करावी, असे घरातल्यांचे म्हणणे आहे.

मी फार्मासिस्ट आहे, मनोविकारतज्ज्ञ नाही. माझी नोकरी बेळगावात, रुग्णालयाच्या औषध विभागात झाली आणि या गोळ्या घेऊन जाणाऱ्या अनेक आईवडिलांशी माझे बोलणे झाले आहे. निदानाबद्दल मी काही म्हणणार नाही. औषधाबद्दल मात्र स्पष्ट सांगते: गोळी तुम्ही आपणहून बंद करू नका, आणि दिरांनी वाचलेला इशारा खोटा आहे असेही समजू नका. तो इशारा खरा आहे, पण तो नेमके काय सांगतो हे समजून घ्यायला हवे.

२००३ साली ब्रिटनच्या औषध नियामकांनी आधी पॅरॉक्सेटीन हे फ्लुओक्सेटीनच्याच गटातले नैराश्यावरचे औषध आणि वर्ष संपताना या गटातली बहुतेक औषधे अठरा वर्षांखालील मुलांच्या नैराश्यासाठी वापरू नयेत असे कळवले. त्यातून फ्लुओक्सेटीन वगळले होते, कारण त्याचा फायदा धोक्यापेक्षा जास्त दिसत होता. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नऊ औषधांच्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ४,४०० हून अधिक मुले होती. औषध घेणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे चार जणांत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन दिसले. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्या शंभरांत सुमारे दोघांत. या सर्व चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नव्हता. त्यावरून ऑक्टोबर २००४ मध्ये काळ्या चौकटीतला इशारा आला आणि २००७ साली त्याची वयोमर्यादा चोवीस वर्षांपर्यंत वाढवली गेली.

म्हणजे धोका दुप्पट होतो हे खरे, आणि शंभरांपैकी शहाण्णव मुलांना तसे काही झाले नाही हेही खरे. ही दोन्ही वाक्ये एकाच तपासणीतून आली आहेत, म्हणून त्यांतले एकच उचलून निर्णय घेऊ नये. शिवाय इशाऱ्यात औषध देऊ नका असे म्हटलेले नाही. औषध सुरू करताना आणि मात्रा बदलताना मुलावर बारकाईने लक्ष ठेवा, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा इशारा घरी पोहोचतो आणि लक्ष कसे ठेवायचे ते कोणी सांगत नाही. तेच सविस्तर लिहिते.

हा धोका पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा वाढवल्यानंतरच्या दिवसांत जास्त असतो. गोळीचा मनावरचा चांगला परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पण शरीरावरचे परिणाम आधी सुरू होतात. काही मुलांना पहिल्या आठ-दहा दिवसांत विलक्षण अस्वस्थता येते. त्यांना एका जागी बसवत नाही, उभे राहवत नाही, पाय सतत हलत राहतात आणि आतून काहीतरी ढवळते आहे असे वाटते. ही अस्वस्थता जुन्या उदासीपेक्षा वेगळी असते आणि आई ती ओळखू शकते. त्याशिवाय एकाएकी वाढलेली चिडचिड, झोप पूर्ण उडणे, कधी नव्हे ती भांडणे, घरातून निघून जाण्याची भाषा, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकणे यांतले काहीही नवे दिसले, तर पंधरा दिवसांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मात्रा कमी करायची, औषध थांबवायचे की बदलायचे, हे ते ठरवतील. याउलट मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, भूक मंदावणे या तक्रारी बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत ओसरतात. त्यांच्यासाठी गोळी सोडायची नसते. न्याहरीनंतर दिली तर मळमळ कमी होते.

आणखी एका गोष्टीवर लक्ष असू द्या. मुलगी दोन-तीन तासच झोपूनही उत्साहाने फिरू लागली, न थांबता भरभर बोलू लागली, मोठमोठे बेत आखू लागली, तर "गोळी लागू पडली" म्हणून आनंद मानू नका. उदासी आणि अतिउत्साह आलटून पालटून येणारा द्विध्रुवी विकार काही मुलांत आधी फक्त नैराश्य म्हणून दिसतो आणि अशा गोळीने त्याची दुसरी बाजू उघड होते. घराण्यात कोणाला असा त्रास होता का, कोणी आत्महत्या केली होती का, हे डॉक्टरांना सांगितले आहे ना? आपल्याकडे माहेरची अशी गोष्ट सासरच्या माणसांसमोर काढली जात नाही आणि सासरची माहेरच्यांसमोर. तपासणीच्या वेळी दिरांना बाहेर बसवून ती सांगा, पण सांगा.

आता हेच औषध का, याबद्दल. मुलांच्या नैराश्यावर सर्वांत भक्कम पुरावा फ्लुओक्सेटीनचाच आहे. अमेरिकेत आठ वर्षांपासून पुढे त्याला मान्यता आहे. याच गटातल्या एस्सिटालोप्रामला नैराश्यासाठी बारा वर्षांपासून. २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३४ चाचण्या आणि चौदा औषधे एकत्र तपासली होती, आणि त्यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा खात्रीने सरस ठरले ते फ्लुओक्सेटीनच. इमिप्रामीन, अमिट्रिप्टिलीन ही जुनी औषधे लहान मुलांच्या नैराश्यावर उपयोगी पडत नाहीत आणि जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयाला घातक ठरतात. घरात आजोबांसाठी किंवा डोकेदुखीसाठी अमिट्रिप्टिलीन आणलेली असेल, तर ती आजच कुलपात ठेवा.

फायदा किती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अनेक चाचण्यांची बेरीज करणाऱ्या २००७ च्या एका अभ्यासात नैराश्य असलेल्या शंभर मुलांपैकी औषधाने ६१ सुधारली, तर औषध नसलेल्या गोळीने ५०. तोच अभ्यास सांगतो की चिंतेच्या विकारात हे आकडे ६९ आणि ३९ आहेत, म्हणजे तिथे औषधाचा उपयोग बराच मोठा आहे. नैराश्यात तो माफक आहे, म्हणून औषधासोबत समुपदेशन असलेच पाहिजे असे मी आग्रहाने म्हणते. २००४ साली बारा ते सतरा वयाच्या ४३९ मुलांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत बारा आठवड्यांनी फक्त औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के सुधारले, औषध आणि विचारांवर काम करणारे समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याच चाचणीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. छत्तीस आठवड्यांत आत्महत्येशी संबंधित घटना फक्त औषध घेणाऱ्यांत १४.७ टक्के होत्या. दोन्ही उपचार मिळालेल्यांत ८.४ टक्के.

सीमाभागात इथेच अडचण येते. गोळी कोणत्याही भाषेत सारखीच काम करते, पण समुपदेशन मुलगी ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत व्हावे लागते. मराठी शाळेत शिकलेली मुलगी कन्नड किंवा इंग्रजीत मनातले बोलू शकणार नाही, आणि काका-मामांना दुभाषी म्हणून बसवले तर ती गप्पच राहील. बेळगावात मराठी बोलणारे डॉक्टर आणि समुपदेशक मिळतात. तशी मागणी करायला संकोच करू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि आजार गुंतागुंतीचा वाटला तर धारवाडची डिमहान्स ही सरकारी मनोरुग्णसंस्था फार लांब नाही. तालुका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ मंगळवारी येतात अशी योजना कर्नाटकात आहे; खानापूरला जाण्याआधी फोन करून खात्री करा. रात्री-अपरात्री काही वाटले तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे भाषा निवडता येते आणि पैसे लागत नाहीत. मुलीने जीव देण्याची योजना बोलून दाखवली किंवा काही खाल्ले-प्यायल्याची शंका आली, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. "पोलीस केस होईल" या भीतीने काही घरे उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा केली जात नाही.

गावातल्या घरात गोळीपेक्षा मोठा धोका कोपऱ्यात ठेवलेल्या तणनाशकाचा आणि कीटकनाशकाचा असतो. कठीण घटका बहुधा थोडा वेळच टिकते, आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. हे डबे घराबाहेर, कुलपात, किल्ली मोठ्यांकडे अशा रीतीने ठेवा. मुलीच्या गोळ्यांची स्ट्रिपही तुमच्याकडे ठेवा आणि रोजची गोळी स्वतः हातावर द्या. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडून शहरात येणे कठीण होते म्हणून लोक दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम मागतात. तुम्ही तसे करू नका, किंवा आणलीच तर कुलपात ठेवा.

औषधाच्या दुकानात जाल तेव्हा ही गोळी चालू असल्याचे दरवेळी सांगा. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, काही खोकल्याच्या औषधांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि लिनेझोलिड हे प्रतिजैविक यांच्याबरोबर ताप, थरथर, गोंधळ असा गंभीर त्रास होऊ शकतो. पाळीच्या दुखण्यासाठी आयबुप्रोफेन वारंवार घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. आणि चिठ्ठीशिवाय "टेन्शनची गोळी" कोणी दिली तर घेऊ नका. एस्सिटालोप्राम आणि क्लोनॅझेपाम एकत्र असलेली गोळी आपल्या बाजारात सर्रास मिळते. त्यातल्या क्लोनॅझेपामची सवय लागते. फ्लुओक्सेटीनची तशी चटक लागत नाही, म्हणून "टेन्शनच्या गोळी"ची सवय लागलेल्या एखाद्या शेजारणीचा अनुभव या गोळीला लावू नका.

"मेंदू कायमचा बिघडतो" या दिरांच्या भीतीला चाचण्यांत आधार नाही. वाढीवर थोडा परिणाम मात्र नोंदलेला आहे: एका चाचणीत १९ आठवड्यांनी फ्लुओक्सेटीन घेणाऱ्या मुलांची उंची सरासरी १.१ सेंटिमीटर आणि वजन १.१ किलो कमी वाढले. म्हणून दर भेटीत उंची-वजन नोंदवून घ्या. बरे वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा ते बारा महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. फ्लुओक्सेटीन शरीरात अनेक दिवस राहते, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर घाबरू नका आणि दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या देऊ नका. मार्चमध्ये परीक्षा आहे म्हणून "तेवढ्यापुरती" बंद करणे, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. बरी होत आलेली मुले त्याने पुन्हा खाली जातात.

औषध कंपन्यांवर विश्वास ठेवावा का, असेही तुम्ही विचारले आहे. आंधळेपणाने ठेवू नये. पॅरॉक्सेटीन किशोरवयीन मुलांसाठी परिणामकारक आणि सुसह्य असल्याचा निष्कर्ष २००१ साली एका चाचणीवरून छापला गेला. २०१५ साली स्वतंत्र संशोधकांनी तीच मूळ माहिती पुन्हा तपासली तेव्हा औषध परिणामकारक नव्हते आणि अपाय जास्त होते असे दिसले. दरम्यान २०१२ मध्ये त्या औषधाच्या अठरा वर्षांखालील वापराचा बेकायदा प्रचार आणि इतर आरोप मिळून कंपनीला अमेरिकेत तीन अब्ज डॉलर भरावे लागले. या प्रकरणाचा राग मला आजही येतो. पण इशाऱ्यानंतरचे चित्रही पाहायला हवे. अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये मुलांना ही औषधे देण्याचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी घटले आणि त्याच काळात दोन्हीकडे तरुणांच्या आत्महत्या वाढल्या. एकामुळेच दुसरे झाले असे सिद्ध झालेले नाही आणि त्यावर तज्ज्ञांत वाद आहे, पण उपचार न केलेले नैराश्य सुरक्षित असते असे कोणीच म्हणत नाही.

पुढच्या भेटीआधी एका वहीत रोज चार ओळी लिहा: झोप किती, जेवण किती, अस्वस्थता कशी, आणि ती काय बोलली. मात्रा वाढवणार का, वाढवली तर पुढच्या आठवड्यात कोणाला फोन करायचा, आणि समुपदेशन कधी सुरू होणार, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे त्याच वहीत लिहून घ्या. पहिला महिना दर आठवड्याला भेट, निदान फोन तरी, व्हावा अशी विनंती करा. दिरांना मिरजेच्या डॉक्टरांचे दुसरे मत घ्यायचे असेल तर जरूर घ्या. चिठ्ठी, स्ट्रिप आणि ही वही बरोबर न्या. मात्र दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळी गोळी लिहिली, तर ती सुरू करण्याआधी बेळगावच्या डॉक्टरांना कळवा, कारण फ्लुओक्सेटीन थांबवल्यानंतरही काही आठवडे शरीरात असते आणि नवे औषध कधी सुरू करायचे हे त्यावर ठरते.