कोल्हापूर ते नागपूर विमानाचं अंतर किती आणि वेळ किती लागतो?

सरळ रेषेत 700 किलोमीटर. आता "700 भागिले 800, म्हणजे पन्नासेक मिनिटं" असा हिशेब तुम्ही करणार असाल तर थांबा, कारण हाच हिशेब आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी केला होता.

नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता नागपूरला, संध्याकाळी सहाचा. सासूबाई आदल्या दिवशी दुपारीच महाराष्ट्र एक्सप्रेसने निघाल्या. ती गाडी पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घालत 1200 किलोमीटरांहून जास्त धावते. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आई येडी झालीय. पन्नासेक मिनिटांचं काम आहे." थेट विमान त्या दिवशी नव्हतं, म्हणून त्यांनीच हैदराबादवरून, दोन टप्प्यांची दोन वेगवेगळी तिकिटं काढून दिली. मध्ये अडीच तास. "मॉलमध्ये फिरून या," असंही म्हणाले.

उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, सकाळी वेळेत पोचलो. विमानाचाच पत्ता नाही. ही छोट्या मार्गांवरची विमानं दिवसभर एसटीसारखी फेऱ्या मारतात, पहिल्या फेरीला उशीर झाला की तो पुढच्या प्रत्येक गावाला पोचतो. दोन तास गेले तिथेच. हैदराबादला उतरून बॅगेची वाट पाहिली, कारण तिकिटं वेगळी म्हणजे बॅग आपणच घ्यायची आणि पुन्हा द्यायची. बॅग द्यायचं काउंटर बंद झालेलं. पहिल्या कंपनीचा पुढच्या तिकिटाशी संबंध नाही, दुसरीच्या लेखी आम्ही आलोच नाही. नवीन तिकीट काढलं, रात्रीचं. सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. हॉलवर खुर्च्या रचून ठेवत होते. सासूबाई जेवून, पान खाऊन बसलेल्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "आलीस का? दशमी उरलीय एक."

तर वेळ. थेट विमान जेट असेल तर सव्वा ते दीड तास धरा, एटीआरसारखं पंख्याचं असेल तर पावणेदोन-दोन. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं, सगळं त्यात येतं. ताशी 800 चा वेग फक्त मधल्या तुकड्यात मिळतो. त्यावर घर ते विमानतळ, बरंच आधी गाठायचं काउंटर आणि उतरल्यावरची बॅग तुमची तुम्ही मिळवा.

थेट विमान आहे की नाही ते तुमच्या तारखेलाच बघा. वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. शिवाय छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेतल्या मार्गांना सरकारचा आधार ठरावीक काळच असतो, तो संपला की बरेच मार्ग गुपचूप बंद पडतात. गेल्या वर्षी मित्र गेला होता, यावर विसंबू नका.

थेट मिळत असेल तर जरूर जा, विमानाशी माझं भांडण नाही. पण मध्ये बदलायचं असेल तर एकाच तिकिटावर, आणि कार्य असेल तर आदल्या दिवशी. नाहीतर सरळ रेल्वे.

भाऊजी अजूनही म्हणतात, "हवेत तर कमीच वेळ होता ना?" भाऊजी, वाचत असाल तर त्या रात्रीच्या तिकिटाचे पैसे अजून यायचेत.