आई दिवसभर नूतनचेच पिक्चर पाहते, मोबाईल काढून घेऊ का?

कापसाच्या पट्ट्यातल्या गावांतून हा प्रश्न सारखा येतो. कोणाची आत्या मधुबालेत हरवलेली असते, तर कोणाचे आजोबा देव आनंदमध्ये. घरच्यांना भीती एकच: आधीच निराशेचा आजार, त्यात हे वेड. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका काकूंची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू पन्नाशीच्या. लागोपाठ दोन हंगाम बुडाले, मग मुलगी सासरी गेली. झोप पहाटे तीनला मोडायची, जेवण तुटलं, वेचणीला जाणं थांबलं. "काही गमत नाही जी," एवढंच बोलायच्या. रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांनी गोळ्या सुरू केलेल्या होत्या. उरलेला दिवस नूतनचा: 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी', आलटूनपालटून. मुलगा वैतागलेला. "ते बाई 1991 मध्येच गेली मॅडम, हिले काय देऊन रायली?"

प्रश्न त्यानं रागानं विचारला, पण होता नेमका. तोच मी काकूंपुढे ठेवला.

सुरुवातीला "चांगली दिसते" यापलीकडे काही येईना. मग एकदा म्हणाल्या, "ते बोलत नाही, तरी समोरच्याले समजते. मी बोलली तरी कोणाले समजत नाही."

"कोणाला समजायला पाहिजे, काकू?"

बराच वेळ गेला. "यायले," आणि मान दाराबाहेर बसलेल्या काकांकडे वळली.

या आजारात माणसाला स्वतःच्या दुःखावर बोलवत नाही, पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बोलता येतं. सगळ्या गोष्टींतली गोडी गेलेली असताना एक आवड शिल्लक असेल, तर ती हिसकावू नये, तिला धरूनच आत शिरावं. कोणती नटी आवडते यापेक्षा तिच्यात काय दिसतं, हे विचारावं. मी हे फार पूर्वीपासून मानत आले आहे आणि अजून तरी मत बदलावं लागलेलं नाही.

काकांना काम दिलं. रोज चार वाजता ओसरीवर दोघांनी मिळून पाहायचं, फक्त वीस-पंचवीस मिनिटं. आजारात लक्ष टिकत नाही, अख्खा पिक्चर नुसता डोळ्यांपुढून जातो. मग काकांनी एकच विचारायचं, "यात तिले काय वाटत असन?" सल्ला द्यायचा नाही. त्यानंतर दहा मिनिटं दोघांनी गोठ्यात. "मन लागलं की काम करीन" हे या आजारात उलटं चालतं, आधी हात हलतात, मन मागून येतं.

पहिल्या आठवड्यात घोळ झाला. काका म्हणू लागले, "आधी भांडे घास, मग पिच्चर." आवडीची मजुरी झाली आणि काकूंनी दोन्ही सोडलं. ती अट काढून टाकली, तेव्हा गाडी पुन्हा सुरू झाली.

'सुजाता' 1959 चा. अनाथ अस्पृश्य मुलगी ब्राह्मणाच्या घरात वाढते, पण आई तिला मुलगी म्हणत नाही, 'मुलीसारखी' म्हणते. एका संध्याकाळी काकूंनीच काकांना उलट विचारलं, तिले काय वाटत असन? काका म्हणाले, "घरात हाये, पण घरातली नाही, असं."

"मलेही तसंच वाटते," काकू म्हणाल्या. इतक्या महिन्यांत काकांपुढे उघडपणे बोललेलं हे पहिलं वाक्य. पुढच्या भेटीत काकाच जास्त बोलले, बुडालेल्या हंगामांबद्दलही.

आता घरच्यांसाठी. पाहून झाल्यावर माणूस दोन शब्द बोलतो, उठतो, चहा मागतो, तर काळजी नको. रात्री अंथरुणात एकामागून एक व्हिडिओ, जेवायला हाक मारली तर चिडचिड, किंवा मरणाचा नाहीतर विषाचाच प्रसंग पुन्हा पुन्हा लावणं, हे दिसलं तर वाट पाहत बसू नका. आठनंतर मोबाईल ओसरीवर चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचाच. एकट्या आजारी माणसाचा काढला तर ती शिक्षा होते.

"जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फवारणीचं औषध घरात, गोठ्यात ठेवू नका, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. आपल्या भागात घरातले हे डबे फार घात करतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि गोळ्या. नूतननं बरं केलं असं काकूंच्या मुलाला वाटू लागलं, म्हणून सांगते: गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही बहुधा किमान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत. काकू अर्धा दिवस वेचणीला जाऊ लागल्या आहेत, गोळ्या चालू आहेत, चारचा पिक्चरही.