इंग्रजीतील ‘सॅड’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

आज ‘सॅड’ म्हणजे दुःखी, खिन्न. परंतु जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चक्क ‘पोट भरलेला, तृप्त’ असा होता. जर्मन भाषेतील ‘झाट’ हा त्याचा सख्खा भाऊ आजही ‘पोट भरलेला’ याच अर्थाने वापरला जातो, आणि लॅटिनमधून आलेले ‘सॅटिस्फाय’ व ‘सॅच्युरेट’ हे शब्दही त्याच मुळाचे आहेत.

तृप्तीतून कंटाळा, कंटाळ्यातून जडपणा व गांभीर्य, आणि चौदाव्या शतकापर्यंत त्यातूनच दुःख, असा हा अर्थप्रवास झाला. आपणही ‘जड अंतःकरणाने’ म्हणतोच, त्यामुळे शेवटचा टप्पा मराठी माणसाला परका वाटू नये. जडपणाची जुनी छटा भरीव लोखंडी इस्त्रीच्या ‘सॅड आयर्न’ या इंग्रजी नावात टिकून राहिली. त्या इस्त्रीचा दुःखाशी काहीही संबंध नाही.