‘काल्पनिक मुलाखत’ की ‘कल्पित मुलाखत’?

प्रश्न असा आहे : टीव्हीवरच्या एखाद्या मालिकेत नट-नटी ऐतिहासिक व्यक्ती होऊन येतात आणि सूत्रसंचालक त्यांना प्रश्न विचारतो. या प्रकाराला ‘काल्पनिक मुलाखत’ म्हणावं का? की ‘अभिरूप न्यायालय’, ‘अभिरूप संसद’ यांच्या चालीवर ‘अभिरूप मुलाखत’ म्हणावं?

‘अभिरूप’ हा शब्द मला फार आवडतो, पण तो इथे वापरू नये. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी तो आधीच घेतला आहे. खऱ्या मुलाखतीआधीची सरावाची मुलाखत म्हणजे अभिरूप मुलाखत, हा अर्थ आता पक्का झाला आहे.

‘काल्पनिक’ची अडचण जास्त खोल आहे. ‘यातील पात्रे व घटना काल्पनिक आहेत’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलं आहे की ‘काल्पनिक’ म्हटलं की माणसंही खोटी आणि बोलणंही खोटं, असंच डोक्यात येतं. या मालिकांत नेमकं उलटं असतं. अमेरिकेत टीव्हीवरचे सूत्रसंचालक स्टीव्ह ॲलन यांनी ‘मीटिंग ऑफ माइंड्स’ ही मालिका केली. ती १९७७ ते १९८१ या काळात पीबीएस या तिथल्या सार्वजनिक टीव्ही-जाळ्यावर दाखवली गेली. पहिल्याच भागात इजिप्तची राणी क्लिओपात्रा, मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस, राजकीय लेखक थॉमस पेन आणि अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट एका टेबलाभोवती बसतात. क्लिओपात्रा गेली इसवी सनापूर्वी ३० मध्ये, रूझवेल्ट १९१९ मध्ये. पुढे एकदा फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आणि कार्ल मार्क्सही असेच समोरासमोर येतात. माणसं खरी आहेत, मतंही त्यांचीच आहेत आणि ॲलन यांनी जमेल तिथे त्यांच्या लेखनातले, बोलण्यातले शब्दच संवादात आणले. फक्त त्यांची भेट मानलेली आहे.

या ‘मानलेली’साठी मराठीत ‘कल्पित’ आहे. ‘काल्पनिक’ म्हणजे कल्पनेतच असणारं, तर ‘कल्पित’ म्हणजे कुणीतरी समजून-उमजून कल्पिलेलं. त्यात रचणाऱ्याचा हात दिसतो. यावर कुणी ‘कपोलकल्पित’कडे बोट दाखवेल. पण तिथे बदनामी ‘कपोल’मुळे येते. कपोल म्हणजे गाल. गालातल्या गालात रचलेलं, बिनबुडाचं. एकट्या ‘कल्पित’ला तो डाग नाही.

आता ‘मुलाखत’. मला सगळ्यात आनंद देणारा भाग हाच. हा मूळचा अरबी ‘मुलाक़ात’. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि ‘वक़्त’चा ‘वखत’ झाला तसा यातल्याही ‘क़’चा ‘ख’ झाला. मूळ अर्थ नुसती भेट. हिंदीत तो तसाच राहिला, म्हणून प्रश्नोत्तरांसाठी त्यांनी ‘साक्षात्कार’ घेतला, जो आपल्याला थेट देवापर्यंत नेतो! मराठीत ‘मुलाखत’ प्रश्नोत्तरांकडे सरकली, तरी जुना अर्थ पुरता मेलेला नाही. तुरुंगातल्या कैद्याला नातेवाईक भेटायला येतात, तीही ‘मुलाखत’च असते. तिथे कुणी कुणाला प्रश्नावली देत नाही.

म्हणून ‘कल्पित मुलाखत’ हा जोड मला दुहेरी चपखल वाटतो. एकाच पाहुण्याला प्रश्न विचारणारी मालिका असेल तर आजचा अर्थ लागतो आणि ॲलन यांच्यासारखी चौघांची बैठक असेल तर जुना. ‘नाट्यमुलाखत’ही कुणी सुचवेल. ‘नाट्यछटा’ आहेच, पण ‘नाट्यसंगीत’, ‘नाट्यसमीक्षा’ यांच्या शेजारी तो शब्द नाटकवाल्यांच्या मुलाखतीसारखा वाचला जाईल.

अशा मालिकेवर लिहिताना एक काळजी घ्यावी. ‘पेन म्हणाला’ असं लिहिलं की ते इतिहासाचं विधान होतं. वाचक समजणार, अठराव्या शतकातला पेन खरोखर तसं म्हणाला. मालिकेतल्या बोलण्यासाठी वर्तमानकाळ ठेवावा : ‘पेन म्हणतो’, ‘क्लिओपात्रा उत्तर देते’. नाटकातल्या पात्रांबद्दल आपण असंच लिहितो. आणि नटाचा उल्लेख करायचा असेल तेव्हा ‘भूमिका’ हा शब्द गाळू नये. ॲलन यांच्या पत्नी जेन मेडोज यांनी या मालिकेत क्लिओपात्रा आणि मारी आंत्वानेत या दोन्ही भूमिका केल्या. ‘मेडोज यांची मुलाखत’ असं लिहिलं तर वाचक भलत्याच बाईंची मुलाखत शोधत बसेल. ‘क्लिओपात्राच्या भूमिकेत मेडोज’ एवढं लिहावं.